शेवटचे दोन फर्मे

आधीच सांगून टाकते, चूक माझी आहे. दादाची पण आहे, वहिनीची पण आहे, समोरच्या मास्तरीणबाईंची तर सगळ्यात जास्त आहे. पण ब्लेड माझ्या हातात होतं, तेव्हा चूक माझी. आता मध्ये कुणी बोलू नका.

माझं बाइंडिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकान मूळचं बाबांचं. दादाने खळीच्या वासाला नाक मुरडलं आणि ऑफिसात चिकटला. मी खळीतच राहिले. बाबांनी मला पुस्तक शिवायला शिकवलं आणि एक नियम घालून दिला: आलेलं काम वाचायचं नाही. पानांचे आकडे बघायचे, फर्मे लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, संपलं. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, आणि फर्म्यात काय लिहिलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. बाबांनी स्वतः एकदाच नियम मोडला होता. वकिलांच्या पुस्तकात खुनाचा खटला वाचता वाचता त्यांनी अख्खं पुस्तक पुठ्ठ्यात उलटं बसवलं. तेव्हापासून आमच्या दुकानातून हजारो पुस्तकं गेली आणि मी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. लोकांना वाटतं मी फार विद्वान. वाटू दे.

वर राहतात दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक लेक. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ही पोरगी दोन मिनिटं एका जागी बसली असेल तर शपथ. जेवतानासुद्धा दोन घास इथे आणि दोन घास गॅलरीत. शिकली, घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लागली, तिथेही म्हणे उभ्यानेच काम करायची.

तर ही भिंगरी, सव्वीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी अंथरुणातून उठलीच नाही. ताप नाही, खोकला नाही, कुणाशी भांडण नाही. वहिनी म्हणाली, ‘‘ऊठ गं, उशीर होतोय.’’ ती म्हणाली, ‘‘उठते नंतर.’’ ते नंतर काही येईना. आठवडा गेला, दोन गेले. केस विंचरणं बंद, बोलणं बंद, ऑफिसचे फोन बंद. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तासभर तिच्याशी एकटीशी बोलून सांगितलं, डिप्रेशन आहे, बरं होतं, वेळ लागतो. गोळ्या लिहून दिल्या, दर गुरुवारी यायला सांगितलं, आणि आम्हाला म्हणाल्या, घरात तिच्याशी मोकळेपणाने बोला, काय वाटतंय ते सरळ विचारा.

गोळ्या आम्ही आणल्या. गुरुवारही पाळले. सरळ विचारायचं तेवढं राहून गेलं. तो शब्दसुद्धा घरात कुणी उच्चारेना. वहिनी म्हणायची ‘अशक्तपणा’. दादाची सगळी हयात टिपणं लिहिण्यात गेलेली, तो म्हणायचा ‘सद्यःस्थिती’. ‘‘सद्यःस्थितीत काही फरक?’’ असं तो ऑफिसातून आल्यावर विचारायचा, तेही लेकीला नाही, बायकोला. आणि मी, जी रस्त्यावरच्या कुणालाही फाडफाड बोलते, ती तिच्या दारापाशी गेले की ‘‘पंखा लावू का गं?’’ एवढंच विचारून परत यायचे. पंखा चालूच असायचा.

एके दिवशी वहिनीला बाहेर जायचं होतं, म्हणून भिंगरीला माझ्याकडे दुकानात आणून बसवलं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसली. एका वाचनालयाची पुस्तकं नव्याने बांधायला आली होती. त्यातलं एक तिने उचललं. जाडजूड जुनी कादंबरी, सगळ्यांनी नाव ऐकलेली आणि कुणी न वाचलेली, तसली. तासाभराने मी बघते तर मान खाली आणि बोट ओळीवर.

‘‘आत्या, हे वर नेऊ?’’

तीन महिन्यांत या पोरीने काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘ने की! वाचनालयवाले काय पळून जातायत?’’

‘‘यातल्या मुलीला पण उठवत नाही,’’ ती म्हणाली आणि पुस्तक छातीशी धरून जिना चढून गेली. स्वतःच्या पायांनी, कुणी हात न धरता. मला इतका आनंद झाला की मी एक हिशेबवही दोनदा शिवली.

हा आनंद चारच दिवस टिकला. वहिनीने मास्तरीणबाईंना सांगितलं. मास्तरीणबाई म्हणजे समोरच्या घरातल्या, तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या आणि तरीही न थांबलेल्या. पुस्तकाचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘अगं बाई, ती कादंबरी? आणि या मुलीच्या हातात? त्यातली मुलगी शेवटी मरते! स्वतःहून!’’

झालं. आमची पाचावर धारण बसली. दादा ऑफिसातून लवकर आला. मास्तरीणबाई मध्ये, आम्ही तिघं भोवती, आणि कुजबुजत बैठक सुरू झाली.

‘‘पुस्तक काढून घ्या,’’ वहिनी म्हणाली.

‘‘खबरदार,’’ मी म्हटलं. ‘‘एवढं एक ती धरून आहे.’’

‘‘मग मधला मार्ग काढावा लागेल,’’ दादा म्हणाला. ‘‘पुस्तक राहील. केवळ आक्षेपार्ह भाग वगळण्यात येईल.’’ आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

आता इथे कुणाही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, की बाई, शेवटची पानं जरा वाचून तर बघू. पण दादाने वाचायचं म्हणजे त्याला फाइल लागते, वहिनीला भीती वाटत होती, मास्तरीणबाईंना सगळं ठाऊकच होतं, आणि मी तर बाइंडर. दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला म्हटलं, ‘‘त्या पुस्तकाची पाठ सुटलीय गं, दे, शिवून देते.’’

‘‘लवकर दे,’’ ती म्हणाली.

तिचं ते ‘लवकर’ ऐकून मी ब्लेड दोनदा खाली ठेवलं. तरी कापलंच. शेवटचे दोन फर्मे, बत्तीस पानं, अलगद सोडवले. नंतर परत शिवून वाचनालयाला देऊ, असा विचार. पण दोन फर्मे काढल्यावर पुस्तक पुठ्ठ्यात ढिलं झालं, आणि भिंगरी दुकानात वाढलेली पोर, हातात घेताच तिला कळणार. तेवढी जाडी भरायलाच हवी. फळीवर त्याच मापाचे, तसल्याच पिवळट कागदाचे जादा छापले गेलेले दोन फर्मे पडले होते. मी आकडे न बघता, अक्षर न बघता ते बसवले. म्हटलं, रोज चार पानं वाचते, अजून दीडशे उरलीयत, शेवटापर्यंत पोचेस्तोवर होईल बरी. एवढी अक्कल मी कुठे गहाण टाकली होती देव जाणे.

भिंगरी आठ दिवसांत पोचली. पुस्तक आवडलं तिला, चार पानांची वीस पानं झाली.

रविवारची सकाळ होती. आम्ही स्वयंपाकघरात होतो आणि तिच्या खोलीतून आवाज आला. आधी वहिनीला वाटलं, रडतेय. मग पुन्हा आला. हसत होती! आमची भिंगरी, तीन महिन्यांनी, खो खो हसत होती. वहिनीने मला मिठी मारली. दादा म्हणाला, ‘‘उपाययोजना यशस्वी झालेली दिसते,’’ आणि चष्मा काढून पुसायला लागला.

तेवढ्यात ती दारात आली. हातात पुस्तक.

‘‘ऐका,’’ ती म्हणाली आणि वाचायला लागली. ‘‘‘ती कितीतरी वेळ अंधाऱ्या खोलीत बसून राहिली. मग उठली, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि’ ’’ — पान उलटलं — ‘‘‘पिल्ले सहा आठवड्यांची होईपर्यंत खुराडे कोरडे व उबदार राहील याची दक्षता घ्यावी. रोगट कोंबडी त्वरित वेगळी काढावी.’ ’’

कुणी हसलं नाही.

‘‘पुढे खाद्याचा तक्ता आहे,’’ ती म्हणाली. ‘‘चांगला आहे. आत्या, शेवट कुठाय?’’

‘‘छपाईतली गफलत असणार,’’ दादा म्हणाला.

‘‘जुनी पुस्तकं, असं होतं कधी कधी,’’ वहिनी म्हणाली.

भिंगरीने पुस्तक उघडून पाठीतला दोरा माझ्या नाकासमोर धरला. ‘‘ही गाठ तुझी आहे. अशी दुहेरी गाठ दुसरं कुणी मारत नाही.’’

मी ओटा पुसायला लागले.

‘‘म्हणजे मरते ती,’’ भिंगरी म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. ‘‘तुम्ही कापून टाकलंत म्हणजे मरतच असणार.’’

‘‘नाही गं!’’ आम्ही तिघं एका सुरात.

‘‘वाचलंय का कुणी?’’

दादा छताकडे बघायला लागला.

ती खोलीत गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आतून कडी लावली. वहिनीने जेवायला हाक मारली, ओ आली नाही. वहिनी दारापाशी गोळी आणि पाणी घेऊन उभी राहिली, तेव्हा आतून एवढंच आलं, ‘‘पुस्तकातल्या तिनेही सगळं करून बघितलं होतं, आई. डॉक्टर, औषधं, सगळं. ठेव ते. आणि गुरुवारी मी येत नाहीये.’’

काय केलं मी हे? जी एक गोष्ट तिने हातात धरली होती ती मी सोडवली, आणि वर तिला सांगून ठेवलं की पुढे काही नाही. दादाला म्हटलं, ‘‘तू इथे दाराला पाठ लावून बस. तिच्याशी बोलत राहा. काहीही बोल.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘कोंबड्यांवर बोल!’’ असं ओरडून मी खाली धावले.

ते दोन फर्मे मी कुणाला दिसू नयेत म्हणून रद्दीच्या फळीवर लपवले होते. आता आमच्या धंद्यात रद्दीची फळी म्हणजे काय? पुठ्ठ्याला खळ लावताना खाली कागद लागतो, तो तिथून ओढायचा. सवयीचा हात! त्या आठ दिवसांत शंभर वह्या बांधल्या होत्या. एक फर्मा धड होता. दुसरा, अगदी शेवटचा, मीच ओढून वापरला होता आणि खळीने माखून, वाळून, त्याची जाड भाकरी झाली होती. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरंच मारली, आणि ती भाकरी घेऊन वर आले.

‘‘किटली ठेव,’’ वहिनीला म्हटलं. ‘‘वाफ पाहिजे.’’

मग जे काही झालं ते कुणी बघितलं असतं तर आम्हा तिघींनाच डॉक्टरीणबाईंकडे नेलं असतं. तिघी, कारण मास्तरीणबाईही आल्या होत्या, खिडकीतून धावपळ बघून. मी वाफेवर फर्मा धरलाय, एकेक पान सुरीने सोडवतेय. वहिनी सुटलेलं पान हलक्या हाताने इस्त्री करतेय. मास्तरीणबाई पुठ्ठ्याने वारा घालतायत. आणि तिघींनी माना वळवलेल्या, कारण काय लिहिलंय ते बघायची एकीचीही छाती नाही.

‘‘मास्तरीणबाई, तुम्ही बघा ना, तुम्हाला तर माहितीये,’’ वहिनी म्हणाली.

मास्तरीणबाईंचा वारा मंदावला. ‘‘खरं सांगू का, मी ती वाचलेली नाही. आमच्या हेडबाईंनी एकदा सांगितलं होतं. आता वाटतंय, त्या दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाबद्दल बोलत होत्या की काय.’’

मी सुरी खाली ठेवली. मनात म्हटलं, आत्ता काही बोलायचं नाही, बाईंचा समाचार नंतर घेऊ.

‘‘ ‘अखेरीस’ असं लिहिलंय इथे,’’ वहिनी इस्त्रीखालून किंचाळली. चुकून नजर गेली होती.

‘‘अखेरीस काय?’’

‘‘पुढचं चिकटलंय!’’

दीड तास लागला. बत्तीसपैकी तीस पानं वाचण्यासारखी झाली. मी ती ओलसर चळत घेऊन दारापाशी गेले. दादा दाराला पाठ लावून बसला होता आणि स्वतःच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगत होता. घसा बसला होता त्याचा.

मी दार वाजवलं. ‘‘भिंगरे, शेवट आणलाय. मी वाचलेला नाही. वाचायची हिंमत झाली नाही. मरत असेल तर मरत असेल. पण तू एकटीने वाचायचं नाही. मी वाचते, तू ऐक. उघड.’’

मग कडी निघाली.

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले. चाळीस वर्षं धंदा केला, पण मोठ्याने पुस्तक वाचायची माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. स्वल्पविराम काय, पूर्णविराम काय, मी आपली आगगाडी सोडली. भिंगरी मध्येच म्हणाली, ‘‘आत्या, श्वास घे.’’ मी श्वास घेतला आणि पुढे निघाले.

त्या मुलीने कडी उघडली. बाहेर गेली. मला वाटलं, आता गेली. तर ती शेजारणीकडे गेली आणि म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ बसता का. शेजारीण बसली. पुढे पानंच्या पानं काहीच होत नाही! ती झोपते, उठते, रडते, औषध बदलतात, पुन्हा झोपते. एकदा केस धुते त्याचं दीड पान. दोन पानं चिकटलेलीच राहिली, तिथे काय झालं देवाला ठाऊक. आणि शेवटच्या पानावर ती मोच्याकडे जाऊन चपलेचा अंगठा शिवून घेते आणि घरी येते. संपलं.

‘‘एवढंच?’’ दादा दारातून म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

भिंगरी भिंतीकडे तोंड करून रडत होती. पुष्कळ वेळ रडली. मग माझ्याकडे वळली. ‘‘जगते ती. आणि तुम्ही नेमकं तेच कापलंत.’’

‘‘हो. गाढव आहोत आम्ही.’’

‘‘आत्या, तुला खरंच वाटतं मी काही करून घेईन?’’

पंख्याचं विचारावंसं वाटलं. खरंच सांगते, जीभ तिकडेच वळली होती. पण मी म्हटलं, ‘‘हो. रोज वाटतं. खाली शिवत असते आणि वर पावलं वाजली नाहीत की हातातली सुई थांबते. कान वरच असतात. मला फार भीती वाटते गं.’’

‘‘मग विचारलं का नाहीस कधी?’’

‘‘तू हो म्हणशील म्हणून.’’

ती उठून बसली. ‘‘काही दिवशी हो म्हणाले असते,’’ ती म्हणाली. दारात वहिनीने तोंडाला पदर लावला.

‘‘आणि आज?’’

तिने खरोखर विचार केला. ‘‘आज नाही.’’

‘‘उद्या सकाळी परत विचारीन.’’

‘‘विचार.’’

मग तिने गोळी मागितली. घेतली. गुरुवारी गेली. डॉक्टरीणबाईंना आम्ही सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. त्यांनी मान खाली घालून पेन शोधायचं निमित्त केलं, पण खांदे हलत होते. मग सरळ होऊन म्हणाल्या, विचारत राहा, आणि उत्तर काही वेगळं आलं तर गुरुवारची वाट बघू नका.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिच्या दारात उभी राहते आणि विचारते, ‘‘आज?’’ ती म्हणते, ‘‘आज नाही,’’ आणि मी खाली जाते. कधी वैतागून म्हणते, कधी झोपेत, कधी दात घासता घासता. दादाही विचारतो. पहिल्या दिवशी तो ‘‘आजची सद्यःस्थिती’’ असं म्हणून अडकला, मग नुसतंच ‘‘बाळा, कसं वाटतंय?’’ म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला. भिंगरीला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. वीस दिवस असे गेले. मला वाटलं, झालं, जिंकलो. दोन वेळा ती दुकानात येऊन बसली, एकदा केस धुतले.

काल सकाळी विचारलं, ‘‘आज?’’

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘आज सांगता येत नाही, आत्या. तू जाऊ नकोस.’’

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तिच्याजवळ बसले. खाली गिऱ्हाइकं शटर वाजवून परत गेली. मी उघडलं नाही.